गिराउतची शाळा : १२व्या शतकातला त्रुबादूर गाणं कसं शिकवेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे : मध्ययुगातल्या एखाद्या त्रुबादूरने, म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या दरबारांसाठी गाणी रचणाऱ्या कवीने, संगीताची शाळा काढली असती, तर तिथे काय शिकवलं गेलं असतं, कोणाला, आणि खर्च कसा भागला असता? ती आपल्या घराण्यांसारखी असती का? विचारणारे स्वतः संगीतशिक्षक आहेत. त्यांना आठवी-नववीच्या मुलांकडून यावर काही बसवून घ्यायचं आहे, म्हणून शेवटी विचारलंय की सुरुवात कुठल्या गाण्याने करावी.

दक्षिण फ्रान्समधली ही जुनी ऑक्सिटन गाणी मी गाते आणि शिकवते. आधी हिंदुस्तानी गायकी शिकले, मग इकडे वळले, त्यामुळे दोन्हीकडच्या सवयी ओळखीच्या आहेत. उत्तर लांबेल, कारण ही शाळा वाटते तितकी काल्पनिक नाही. तिचं निम्मं सामान जुन्या कागदांत सापडतं.

आधी माणूस ठरवू. ज्यांच्या रचना उरल्या आहेत त्यांतला सगळ्यात जुना त्रुबादूर म्हणजे आकितेनचा ड्यूक, नववा गिलेम. त्याचा जन्म १०७१चा. एवढ्या मोठ्या मुलुखाचा धनी शाळा चालवायला बसला नसता. 'शाळा' हा शब्द मात्र या मंडळींच्या गाण्यांत खरोखरच येतो. बेर्नार्त दे व्हेन्तादोर्न एका गाण्यात वैतागून म्हणतो की आता मी गायक राहणार नाही आणि एब्लच्या शाळेतलाही राहणार नाही. हा एब्ल म्हणजे व्हेन्तादोर्नचा सरदार. स्वतः रचना करायचा, पण त्याची एकही ओळ उरलेली नाही. त्याची 'शाळा' म्हणजे त्याच्याभोवती जमलेली मंडळी आणि त्यांची गाण्याची रीत, एवढंच आपण धरू शकतो. संस्थापक म्हणून तो मोहात पाडतो, पण हाताशी एकही गाणं नसेल तर मुलांना शिकवणार काय?

माझी निवड गिराउत दे बोर्नेल. लिमुझँ प्रांतातल्या एक्सिदय गावाच्या परिसरातला. त्याचा काळ १२व्या शतकाचा उत्तरार्ध आणि १३व्याची पहिली काही वर्षं. त्रुबादूरांची छोटी गद्य चरित्रं १३व्या शतकात लिहिली गेली, त्यांना 'व्हिदा' म्हणतात. त्यांत ऐकीव गोष्टी भरपूर, तेव्हा प्रत्येक वाक्य पुरावा म्हणून घेऊ नये. पण गिराउतची व्हिदा वाचली की शाळेचं वेळापत्रकच हातात पडल्यासारखं होतं. तो हलक्या कुळातला होता, पण विद्येत आणि उपजत शहाणपणात मोठा. त्याला 'त्रुबादूरांचा गुरू' म्हणत. सगळा हिवाळा तो शाळेत विद्येत घालवी (तिथे तो शिकवी की स्वतः शिके, याबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत; मी शिकवी असं धरून चालते) आणि सगळा उन्हाळा दरबारांमधून फिरे, सोबत त्याची गाणी गाणारे दोन गायक घेऊन. लग्न केलं नाही. मिळकत गरीब नातेवाइकांना आणि जन्मगावच्या चर्चला देऊन टाकी.

त्यातले ते दोन गायक नीट लक्षात ठेवा. एवढा मोठा रचनाकार स्वतः का गात नाही? त्याच काळातला पेइरे दाल्व्हेर्न्य एका गाण्यात समकालीन त्रुबादूरांची एकेक करून टर उडवतो. त्यात गिराउतच्या वाट्याला आलंय ते असं : उन्हात सुकलेल्या कातडी पखालीसारखा दिसतो आणि त्याचं बारीक, रडवं गाणं म्हणजे पाण्याची बादली वाहणाऱ्या म्हातारीचं गाणं. थट्टाच ती, तिच्यावरून त्याचा आवाज ठरवता येणार नाही. पण गळा आणि रचना या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जात, याला दुसरीकडेही आधार आहे. गोसेल्म फाइदितच्या व्हिदात म्हटलंय की तो जगात सगळ्यात वाईट गाई, पण चाली आणि शब्द फार उत्तम करी. रचणारा तो त्रुबादूर, सादर करणारा तो जोग्लार. एकाच माणसात दोन्ही असू शकत, पण असलेच पाहिजेत असं नव्हतं.

माझ्या मते या शाळेचा सगळा अभ्यासक्रम याच एका गोष्टीतून निघतो. गाणं रचणाऱ्याच्या गळ्यातून सुटून दुसऱ्याच्या तोंडी जाणार आहे, डोंगर ओलांडून कॅटलोनियात किंवा इटलीत जाणार आहे, आणि तिथेही ते तेच गाणं राहिलं पाहिजे. त्यामुळे दुसऱ्याच्या तोंडी टिकेल असं गाणं बांधायचं कसं, हाच गिराउतचा मुख्य विषय असणार.

घराण्याशी तुलना करायची तर फरक इथेच पडतो. आपल्या तालमीत बंदिश हे एक निमित्त असतं, खरा वारसा गायकीचा : आवाज लावणं, बढत, लयीशी वागणं. ते समोर बसूनच मिळतं. गिराउतच्या शाळेत बंदिशच सगळं काही. गायक ती कशी खुलवतो याबद्दल जुने कागद फार बोलत नाहीत. शब्द नीट म्हणतो का, चाल बिघडवत नाही ना, याबद्दल मात्र बोलतात.

म्हणून पहिल्या हिवाळ्यात वाद्याला हात लागणार नाही. आधी अक्षरं मोजायची. या गाण्याचं एकक म्हणजे कडवं, त्याला ते 'कोब्ला' म्हणत. पहिल्या कडव्यात ओळींची जी लांबी आणि यमकांची जी मांडणी ठरेल तीच प्रत्येक कडव्यात पाळायची, कारण चाल एकच आहे आणि प्रत्येक कडव्याला तीच परत येणार. त्यात प्रकार आहेत. सगळ्या कडव्यांत तेच यमकध्वनी चालवायचे ही एक रीत. दर दोन कडव्यांनी यमक बदलायचं ही दुसरी. एका कडव्याचा शेवटचा शब्द पुढच्या कडव्याच्या पहिल्या ओळीत घ्यायचा ही तिसरी. दामयमक ज्यांना ठाऊक आहे त्यांना तिची गंमत लगेच कळेल. हे सगळं शोभेसाठी असावं असं पुस्तक वाचताना वाटतं. पाठ करून गायला लागलं की कळतं, यमक ही आठवणीची कडी आहे. कडवी जोडीने बांधलेली असली की एक सुटलं तर दुसरं ओढून आणतं. जिथे सगळ्या कडव्यांना एकच यमक आहे तिथे कडव्यांचा क्रम सहज उलटापालटा होतो, आणि एकच गाणं वेगवेगळ्या हस्तलिखितांत वेगळ्या क्रमाने लिहिलेलं सापडतं त्याचं हे एक मोठं कारण.

सोपं लिहायचं की अवघड, यावर या शाळेत वाद झालाच असता, कारण प्रत्यक्षातही तो झालेला आहे आणि गाण्यातच झालेला आहे. ऑरेंजचा सरदार रैंबाउत आणि गिराउत यांचं सवाल-जवाबाचं गाणं आहे. रैंबाउत म्हणतो, सगळ्यांना कळेल असं लिहिलंस तर जाणत्यांना आणि अडाण्यांना एकाच मापाने मोजल्यासारखं होईल. गिराउत सोप्याची बाजू लढवतो. ऐन भरात त्याने स्वतःही गूढ, गाठी मारलेली गाणी लिहिली होती, हे लक्षात घेतलं तर त्याच्या बोलण्याला वजन येतं. दुसऱ्या एका गाण्यात तो सांगतो की माझं गाणं घोगऱ्या आणि स्वच्छ गळ्यांत चढाओढीने ऐकू आलं, पाणवठ्यावर जाताना लोक ते म्हणू लागले, की मला बरं वाटतं. त्याच्या शाळेची परीक्षा मी तिथेच ठेवली असती, पाणवठ्यावर.

भाषेचा तास वेगळा. विद्यार्थी फक्त लिमुझँचे नसते. ही गाणी कॅटलोनियात आणि उत्तर इटलीत इतकी आवडीची होती की तिथले लोक परक्या भाषेत रचना करू लागले. त्यांच्यासाठी खरी पाठ्यपुस्तकं लिहिली गेली. कॅटलान कवी रैमोन व्हिदालने १३व्या शतकाच्या आरंभीच्या सुमारास रचना कशी करावी यावर पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की प्रेमगीतांना आणि टीकागीतांना लिमुझँची बोली उत्तम, फ्रेंच भाषा शोभते ती कथाकाव्यांना. पुढे उक फाइदितने इटलीत बसून व्याकरण लिहिलं आणि सोबत यमकांचा कोश जोडला. कोशात शेवटचा ध्वनी शोधायचा आणि खाली शब्दांची रांग हजर. मला हा कोश फार जवळचा वाटतो, कारण परक्या भाषेत यमक जुळवताना लागते ती नेमकी मदत त्यात आहे.

चालीचा तास यानंतर. इथला पहिला स्वाध्याय आजच्या विद्यार्थ्यांना खटकतो : दुसऱ्याची चाल घ्या आणि तिच्यावर आपले शब्द बसवा. राजकारणावरच्या आणि भांडणाच्या गाण्यांसाठी, ज्यांना 'सिर्व्हेंतेस' म्हणत, ही सर्वमान्य रीत होती. गिराउतचं आलामांदा नावाच्या स्त्रीशी सवाल-जवाबाचं एक गाणं आहे. प्रेयसी रुसली आहे, काय करू, असा तो तिला सल्ला विचारतो आणि ती त्याला चांगलं सुनावते. बेर्त्रान दे बोर्न या दुसऱ्या त्रुबादूराने आपलं एक सिर्व्हेंतेस याच चालीवर रचलं आणि गाण्यातच जाहीर केलं की हे आलामांदाच्या चालीवर आहे. यात कुणी चोरी पाहत नव्हतं. ओळखीची चाल म्हणजे नव्या शब्दांना तयार वाट. उलट शुद्ध प्रेमगीताला, 'कान्सो'ला, नवी चाल हवी अशी अपेक्षा असे. म्हणजे अभ्यासाचा क्रम आपोआप ठरतो : आधी उसन्या चालीवर सिर्व्हेंतेस, मग स्वतःच्या चालीची कान्सो.

जोग्लारांच्या वर्गाबद्दल मात्र कल्पना लढवायची गरजच नाही. गिराउत दे कालान्सोन या दुसऱ्या एका गिराउतने 'फादेत' नावाच्या जोग्लाराला उद्देशून कविता लिहिली आहे आणि त्याला काय काय यायला हवं त्याची जंत्री दिली आहे. वाद्यं तर हवीतच, त्यांत सतरा तारांचा 'रोटा'सुद्धा. शिवाय डफ वाजवणं, उड्या मारणं, पक्ष्यांचे आवाज काढणं, छोटे चेंडू दोन सुऱ्यांवर उडवून झेलणं, आणि कथाकाव्यांचा अख्खा साठा पाठ. तमाशातल्या कलाकाराला जसं गाणं, नाचणं, बतावणी सगळंच यावं लागतं, तसं हे. आपल्या गिराउतने सुऱ्यांचा खेळ शिकवला असता असं मला वाटत नाही, पण त्याच्या गायकांना पोट भरायला तो लागलाच असता, आणि चांगला गुरू ते ओळखून असतो.

स्वर लिहिण्याची विद्या त्या काळी होती. अरेझ्झोच्या ग्विदोने ११व्या शतकात रेघांवर स्वर मांडण्याची आणि उत-रे-मी म्हणत शिकण्याची पद्धत रुजवली होती, आणि गिराउतच्या गावापासून फार लांब नसलेल्या लिमोजमध्ये सेंट मार्शलचा मठ स्वरलेखनाच्या हस्तलिखितांसाठी नावाजलेला होता. पण ती चर्चमधल्या मुलांची विद्या. दरबारी गाणं कानाने जाई. शाळेत एखादा लिहिणारा असता तर मी एलियास काइरेलला ठेवलं असतं. एका हस्तलिखितात त्याच्याबद्दल लिहिलंय की तो वाईट गाई, वाईट रचना करी, वाईट व्हायोला वाजवी, बोले त्याहून वाईट, पण शब्द आणि चाली लिहून घेई उत्तम. असा माणूस प्रत्येक त्रुबादूराच्या शेजारी बसलेला असता तर, असं आज मला फार वाटतं. त्रुबादूरांच्या सुमारे २,५०० कविता उरल्या आहेत, आणि चाली त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढ्या. गिराउतच्या नावावर सत्तरहून जास्त गाणी आहेत; चाली उरल्या फक्त ४. त्यातही स्वर कळतात, लय कळत नाही, कारण त्या लिपीत मात्रांची खूणच नाही.

लयीबद्दल शंभरहून जास्त वर्षं वाद चाललाय. काहींनी ही गाणी तीन मात्रांच्या ठरीव साच्यांत बसवली, आणि जुनी ध्वनिमुद्रणं ऐकाल तर बरीचशी तशी उड्या मारताना सापडतील. मला ते पटत नाही. शब्द ज्या गतीने बोलला जाईल त्या गतीने स्वर यावा, ओळीच्या अखेरीस यमक ऐकू येईल एवढं थांबावं, बाकी चाल मोकळी ठेवावी. नाचाच्या चाली वेगळ्या; तिथे ताल हवाच.

मुलींना प्रवेश? दरबारी घरांतल्या स्त्रिया रचना करत, सुमारे वीस जणींची नावं माहीत आहेत. त्यांतल्या फक्त एकीची चाल उरली, दिआच्या काउंटेसची. तेव्हा हो, वर्गात मुली असणारच, आणि आलामांदाचा तो सवाल-जवाब त्यांच्याकडूनच बसवून घ्यावा.

पैशांचं म्हणाल तर ठरलेली फी डोळ्यांपुढे येत नाही. दरबारातून घोडे, कपडे, रोकड असं बक्षीस मिळे. उन्हाळ्याच्या कमाईवर हिवाळा काढायचा. म्हणजे शाळा आश्रयदात्याच्या मर्जीवर, आणि ती मर्जी फिरली की काय होतं तेही गिराउतच्या बाबतीत नोंदलेलं आहे. त्याच्या एका गाण्यामागची हकिगत सांगणाऱ्या टिपणात येतं की लिमोजच्या सरदाराने त्याचं घर लुटलं आणि पुस्तकं आणि सामान नेलं. त्रुबादूराच्या घरात चोरण्याजोगी पुस्तकं होती, ही नोंद शाळेच्या कल्पनेला बळ देते आणि मन खट्टूही करते.

खऱ्या संस्था आल्या त्या नंतर. १२०९ ते १२२९ या काळात दक्षिणेवर धर्मयुद्ध लादलं गेलं, अनेक आश्रयदाती घरं मोडली. नार्बोनच्या गिराउत रिकिएरने १२७४ साली स्पेनमधल्या कास्तियचा राजा दहावा आल्फोन्सो याला काव्यात अर्ज केला की रस्त्यावर माकडं नाचवणारा आणि उत्तम रचना करणारा, दोघांनाही लोक जोग्लारच म्हणतात. तेव्हा दर्जे ठरवून द्या. १२७५च्या उत्तरात वरच्या श्रेणीला 'रचनेचा डॉक्टर' अशी पदवी आहे (हे उत्तरही बहुधा रिकिएरनेच लिहिलं असावं). मग १३२३ साली तुलूझमध्ये सात जणांनी मंडळ स्थापलं आणि पुढच्या वर्षी ३ मे रोजी स्पर्धा घेऊन पहिल्या कवीला सोन्याचं व्हायोलेट फूल दिलं. या मंडळासाठी गिलेम मोलिनिएरने काव्याचे नियम लिहिले, जाडजूड ग्रंथ. मी तो आदराने वाचते. पण त्यात यमकांचे भेद पानोपानी आहेत आणि चालीबद्दल मोजकंच. गिराउतचे दोन गायक या शाळेत कुठेच नाहीत.

आता तुमचं गाणं. गिराउतच्याच उरलेल्या चार चालींपैकी 'रेइस ग्लोरिओस' घ्या. रात्रभर मित्रासाठी पहारा देणारा एक जण देवाला विनवतो की त्याला सांभाळ, रात्र झाल्यापासून तो दिसलेला नाही, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी म्हणतो, आता पहाट होईल. पुढच्या कडव्यांत तो मित्र प्रेयसीपाशी आहे हे कळतं. मुलांसाठी पहिलं कडवं पुरे.

चार ओळी दहा अक्षरांच्या आणि एक छोटं ध्रुवपद. प्रत्येक ओळीत चौथ्या अक्षरावर यती. 'रेइस ग्लो-रि-ओस' इथे थांबा, मग 'व्हे-राइस लुम्स ए क्लार-तात्स'. दुसरी ओळ 'प्लात्स'वर संपते, तिसरी 'आयुदा'वर, चौथी 'व्हेंगुदा'वर. आधी नुसतं बोलून घ्या, टाळी न देता, यमक ऐकू येईपर्यंत. मग स्वर. सुरुवातीलाच 'सा'वरून थेट 'प'वर झेप आहे, मधले स्वर न घेता. ती सरकत घेऊ देऊ नका, आपल्या मुलांना मींड घ्यायचा मोह होतो. पहिल्या दोन ओळींची चाल एकच, तिसरीला नवी वळते, ध्रुवपद 'सा'वर टेकतं. स्वर काफी थाटाचे : ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध. तानपुरा धरला तर मुलांना आधार मिळेल आणि गाण्यालाही बाधत नाही. हार्मोनियमवर चाल सोबत वाजवू नका, शब्द दबतात.

कागद देऊ नका. दोन मुलांना तुम्ही शिकवा, त्यांनी पुढच्या चौघांना, त्या चौघांनी शेजारच्या वर्गाला. आठवड्याने शेजारच्या वर्गाकडून ते गाणं परत ऐका आणि जे बदललं असेल ते न सुधारता मूळ ओळींच्या बाजूला लिहून काढा. बहुतेक वेळा यमकाचे शब्द टिकलेले असतात आणि ओळीच्या मधले घसरलेले. त्यावर मुलांशी बोला, आणि मग त्यांना याच चालीवर मराठीत एक कडवं रचायला सांगा. दहा अक्षरं, चौथ्यावर यती, दोन यमकं.